आधी पुसा जी!

यादोराव हटवार दुरुस्तीला आलेल्या यंत्राची आधी विचारपूस करत.

मोहाडीला बसस्टँडच्या बाजूला त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक बंद पडलेला ट्रान्झिस्टर घेऊन आलं की यादोराव गिऱ्हाइकाकडे ढुंकूनही पाहत नसत. ट्रान्झिस्टर दोन्ही हातांत घेत, टेबलावर फडकं अंथरून त्यावर बसवत आणि जरा वाकून, पाहुण्याला विचारावं तसं विचारत, "काहून जी? बरं नाही वाटत का?"

नवखं गिऱ्हाईक बिचारं गोंधळून म्हणे, "नाही जी, मी बरा आहो."

"तुले कोन पुसून राहिलं? गप बस!"

यंत्राला 'जी' आणि माणसाला 'गप बस', असा त्यांचा खाक्या होता. मग ते ट्रान्झिस्टरला कान लावत, हळूच हलवून पाहत, डोळे मिटत. दुकानात टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. आणि खरं सांगतो, दहापैकी आठ वेळा ते पेच न उघडताच सांगत, "एरियलच्या दांडीची तार सुटली आहे," नाहीतर "घरात याले कोनी आपटलं आहे. खरं बोल!" गिऱ्हाईक मान खाली घालून कबूल करे, की सासऱ्याशी भांडण झालं तेव्हा ट्रान्झिस्टर मधे आला.

"आधी पुसाचं, मंग खोलाचं," हे त्यांचं ब्रीद. मी शाळेत मराठी शिकवायचो, त्यामुळे मला ह्या वाक्याचं फार कौतुक. पुसणे म्हणजे विचारणे आणि पुसणे म्हणजे फडक्यानं साफ करणेही. यादोराव दोन्ही अर्थ एकदम वापरत. एका हातानं धूळ पुसत आणि तोंडानं खुशाली पुसत. व्याकरणाच्या तासाला मी त्यांचंच उदाहरण द्यायचो आणि वर्गातली पोरं खो खो हसायची, कारण सगळ्यांच्या घरचा एकेक रेडिओ त्या विचारपुशीतून गेलेला असायचा.

वय पन्नाशीचं. अंगानं काडी, कानावर पेन्सिलीच्या जागी टेस्टर, चष्म्याची एक दांडी तांब्याच्या तारेची. लग्न झालं नव्हतं. का झालं नाही ती हकिगतही त्यांना शोभेशीच होती. तरुणपणी लाखनीला मुलगी पाहायला गेले. पाहुण्यांच्या बैठकीत रेडिओ खरखरत होता. यादोरावांनी पोह्यांची बशी बाजूला सारून त्याला विचारलं, "काहून जी?" सायंकाळी रेडिओ खडखडीत बरा होऊन गाऊ लागला. परतताना मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मंग, पोरगी कशी वाटली?" यादोराव म्हणाले, "रेडिओ चांगला आहे जी. पोरीले पुसाचं राहून गेलं."

दुकानाच्या मागेच घर. घरात ते आणि त्यांची माय, राधाबाई. राधाबाई मागच्या दारात बसून तांदूळ निवडायच्या आणि दुकानात चाललेल्या प्रत्येक संभाषणात भाग घ्यायच्या. भाग घ्यायच्या म्हणजे दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायच्या नाहीत. गिऱ्हाईक सांगतंय, की आवाज येतो पण— तेवढ्यात मागून हाक, "यादो, मागचं दार लावलं का रे?" पुन्हा सुरुवात, आवाज येतो पण— "यादो, जेवला का रे?" "यादो, कोन आलं आहे? त्याले चहा पुसला का?" एकदा तहसीलदार साहेब स्वतः टेपरेकॉर्डर घेऊन आले, तर त्यांना आपला आजार सांगायला अर्धा तास लागला. म्हणजे टेपरेकॉर्डरचा. यादोराव वैतागून ओरडत, "माय, आपली पाळी नसतानी काहून बोलतं?" माय क्षणभर गप्प बसे आणि मग विचारे, "कायची पाळी?"

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास यादोरावांना कॉम्प्युटरचं वेड लागलं. कॉम्प्युटर हा शब्द तेव्हा आमच्याकडे वर्तमानपत्रात येई आणि तिथूनच परत जाई. भंडाऱ्यालाही तो कोणी पाहिलेला नव्हता. यादोरावांनी ठरवलं, की आपण तो घरी बनवायचा. नागपूरला हरीशशेठ म्हणून एक सुट्या भागांचे व्यापारी होते. यादोराव एसटीनं जात आणि कधी एक कार्ड, कधी नुसती वायरची गुंडाळी, तर एकदा मांडीवर तान्हं मूल घेऊन बसावं तसा जुना हिरव्या अक्षरांचा पडदा घेऊन येत. असं दोन वर्षं चाललं. बाहेरचा डबा विकत घेण्याऐवजी त्यांनी राधाबाईंची लग्नातली पत्र्याची पेटी घेतली. निळी, वर गुलाबाची फुलं रंगवलेली. तिला मागून पंख्यासाठी भोक पाडलं, तेव्हा राधाबाईंनी दोन दिवस मुलाशी अबोला धरला. म्हणजे बोलत होत्या, पण भिंतीकडे पाहून.

सगळ्या भागांची त्यांनी मराठी नावं पाडली. ज्या मोठ्या हिरव्या पाटीवर बाकीचे सगळे भाग बसतात, जिला मदरबोर्ड म्हणतात, तिचं नाव 'मायपाटी'.

"मदर म्हंजे माय, बोर्ड म्हंजे पाटी. त्याच्यात काय कठीन आहे जी, गुरुजी?"

मी आजतागायत ह्याहून चांगलं भाषांतर पाहिलेलं नाही. आणखीही सांगत, "सारे इच्याच अंगावर बसते. हे रुसली का साऱ्याइचं जेवन बंद."

ह्या मायपाटीच्या कोपऱ्यात एक काळी चिप होती आणि तिच्यावर मधोमध लाल टिकली लावलेली होती. मला वाटलं, पूजा केली असेल. तर तसं नव्हतं. त्या चिपच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी असते. यादोरावांनी कागदावर आकडे मांडून दिले होते आणि हरीशशेठनी ते आपल्या यंत्रातून चिपमध्ये उतरवले होते. आता ती वीज गेली तरी काही विसरायची नाही. फक्त खिडकीतून ऊन आत गेलं, की हळूहळू सगळं पुसलं जातं. शेठनी लावलेला कागद निघून पडला, म्हणून यादोराव बाजाराच्या दिवशी टिकल्यांचं पाकीट घ्यायला गेले. बांगड्यावाल्या बाईनं विचारलं, "कोनासाठी जी?" हे म्हणाले, "मायपाटीसाठी." गोंगाटात बाईला काय ऐकू आलं देव जाणे, पण बाजार उठायच्या आत साऱ्या मोहाडीत झालं, की यादोरावांनी पन्नाशीत बाई पाहिली आणि ती सालेकशाकडची आहे.

कॉम्प्युटर चालू झाला, पण ते पाहायला राधाबाई राहिल्या नाहीत. त्याआधी दोनच महिने त्या गेल्या. यादोराव महिनाभर दुकानात मुके बसले. मग एक दिवस मला हाक मारून घेऊन गेले. पेटी घुमत होती, हिरव्या पडद्यावर सतराचा पाढा सरसर उतरत होता, आणि यादोराव कोपऱ्यात उभे राहून त्याच्याबरोबर मोठ्यानं पाढा म्हणत होते. दोघांत यादोराव एकदाच चुकले.

सारा गाव पाहायला लोटला. यंत्र पाढे म्हणे, बेरजा करी, एक वर्तुळ काढी जे अंड्यासारखं दिसे. सरपंचांनी विचारलं, "यंदा धान कसं होईन, हे सांगते का?" यादोराव म्हणाले, "ते तुमच्या मजुराइले पुसा."

दोन गोष्टी मात्र मला कळेनात. एक, यादोराव जेवल्याशिवाय यंत्र चालू करत नसत. निदान मूठभर मुरमुरे तरी तोंडात टाकत, मगच बटणाला हात. आणि दुसरी, बटण दाबलं की मिनिटभर पडद्यापुढे पाठ करून, दोन्ही हात पसरून उभे राहत. मागे हात नेऊन चाचपडत एक कळ दाबत आणि मग बाजूला होत. विचारलं तर म्हणत, "पडदा गरम होऊन राहिला. डोळ्याले बाधते." माझ्या डोळ्यांची त्यांना एवढी काळजी कधीपासून, असं मी मनात म्हणे.

आठ-नऊ महिने झाले असतील. शाळेचं स्नेहसंमेलन आलं. मुख्याध्यापकांच्या डोक्यात आलं, की समारोपाला यादोरावांचा कॉम्प्युटर ठेवायचा. यादोराव आनंदानं नुसते तरंगत होते. पेटी न्यायला रेंगी, म्हणजे आमच्याकडची हलकी बैलगाडी, सांगितली. यंत्राला धक्का बसू नये म्हणून पेटीत वरपासून खालपर्यंत धानाचं तणस ठासून भरलं. आंबे तणसात राहतात, अंडी तणसात राहतात, मग मायपाटी का राहणार नाही, हा त्यांचा हिशेब. रस्ता आमच्या मोहाडीचा. रेंगी निघाली ती नाचतच निघाली, आणि यादोराव शेजारून चालत प्रत्येक खड्ड्याला "सबूर जी, सबूर" म्हणत होते. बैलांना वाटलं, आपल्यालाच.

मुख्याध्यापक विज्ञानयुगावर पाऊण तास बोलले. यादोराव रंगमंचाच्या पडद्याआड भात जेवून आले. तणस काढलं, बटण दाबलं, यंत्राच्या पडद्यापुढे पाठ करून हात पसरले.

काही नाही. एरवी सुरुवातीला एक 'टूं' असा आवाज येई, तोही नाही. पंखा तेवढा फिरत होता आणि उरलंसुरलं तणस पाहुण्यांच्या अंगावर उडवत होता.

"माय झोपली वाटते!" मागून कोणीतरी ओरडलं आणि सारा मंडप हसला. मीही हसलो, हे कबूल करतो. यादोरावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून पेटीवर घातला आणि आल्या रेंगीनं परत गेले.

दुसऱ्याच दिवशी ते नागपूरला जाऊन आले. हरीशशेठ त्या रविवारी तुमसरला यायचे होते. ते म्हणाले, "डोकं कायले खपवता? जुनी पाटी मले द्या, नवी घ्या. येताना घेऊनच येतो." सौदा असा होता, की कोणीही उडी मारावी. पण यादोराव घरी आले ते चेहरा पाडून. "रविवारच्या आत मायपाटी बरी कराच लागते, गुरुजी. नाहीतर नेतीन ते तिले."

"नेऊ द्या ना. नवी येऊन राहिली."

"तुमच्या घरी म्हतारं मानूस बिमार पडलं तं बदलून आनता का जी?"

संमेलनानंतर शाळेला आठवडाभर सुटी होती, म्हणून मी रोज सकाळी जाऊन बसू लागलो. तो आठवडा मी जन्मभर विसरणार नाही.

पहिला दिवस तणस वेचण्यात गेला. मायपाटीच्या फटीफटीत धानाचा कोंडा शिरला होता. यादोराव चिमट्यानं एकेक काडी काढत आणि माफी मागत. एक जिवंत किडाही निघाला. तोच अपराधी म्हणून त्याला आम्ही बाहेर नेऊन सोडलं, परत येऊन बटण दाबलं, तर पाटी तशीच गप्प. किडा निर्दोष होता.

दुसऱ्या दिवशी दात पुसणं. कार्डांच्या पितळी दातांवर काट चढली तरी यंत्र बंद पडतं आणि ती खोडरबरानं निघते. मी शाळेच्या कपाटातून खोडरबरांचा डबा आणला. दिवसभर आम्ही दोघं पन्नाशीतले गृहस्थ मांडी घालून रबर घासत होतो. माझी बायको मालती डबा घेऊन आली, तिनं पाहिलं आणि न बोलता परत गेली.

मग एकेक कार्ड काढून पाहणं. दोष कोणात आहे हे कळत नसलं, की एकेकाला घराबाहेर काढायचं आणि भांडण थांबतं का पाहायचं, अशी त्यांची रीत. पडद्याचं कार्ड काढलं, नाही. चपटीचं, म्हणजे फ्लॉपीचं काढलं, नाही. वीज मोजली, पाच व्होल्ट पाहिजे ती पाच होती. कंपाउंडरकडून नळी आणून मायपाटीचे ठोके ऐकले. ठोके कुठले असणार, पण यादोराव म्हणाले, "धडधड आहे जी." ती त्यांची स्वतःची होती, असं माझं मत.

आणि प्रत्येक वेळी बटण दाबण्याआधी मूठभर मुरमुरे! दिवसातून तीस वेळा बटण, तीस वेळा मुरमुरे. प्रत्येक वेळी पाठ करून, हात पसरून उभं राहणं. मागे पडदा काळाठिक्कर, आणि पुढे हे तोंड भरून उभे. गावातून सल्ले येत होते. कोणी म्हणालं, लिंबू उतरवा. कोणी म्हणालं, माय रुसली आहे, लुगडं नेसवा. यादोरावांनी एकेकाला 'गप बस' म्हणून वाटेला लावलं.

शनिवारपर्यंत पाटीवरचा प्रत्येक भाग तपासून झाला होता. नुसती टिकलीवाली चिप राहिली.

"आता इले पुसा," मी म्हणालो.

"तिले नाही पुसाचं."

"काहून? तुम्हीच तं म्हनता, आधी—"

"नाही म्हटलं ना!" ते एवढ्या मोठ्यानं ओरडले, की रस्त्यावरची सायकल थांबली. मग आवाज उतरवून म्हणाले, "तिचे पाय म्या पाटीले कायमचे सोल्डरच्या टाक्यानं जोडले आहेत. काढाचं तं चटका द्या लागते. चटक्यानं गेली तं सारं विसरन."

"मग पुन्हा आकडे उतरवून आना. कागद आहे ना?"

"कागद उदईनं खाल्ला."

"तर दुसरा लिहा. तुमचंच तं लिहिलेलं आहे."

यादोराव बराच वेळ टेस्टरशी खेळत राहिले. "आकडे माये आहेत जी. पन सांगनाऱ्यानं सांगतलं, तसे मांडले. आता कोनाले पुसू?"

मला काही कळलं नाही. पण पुढे विचारायचा धीरही झाला नाही.

रविवारी सकाळी हरीशशेठ आले. गोरे, गोल, आनंदी माणूस. नवी पाटी कागदाच्या खोक्यातून काढून टेबलावर ठेवली. यादोरावांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. एकच विचारलं, "शेठ, ही चिप नव्या पाटीवर बसन का?"

"नव्या पाटीवर तिले जागाच नाही. आन काढताना जिवंत राहीन याचा भरवसा कोन देनार?" शेठ म्हणाले. "मी तुमसरचं काम आटपून चार वाजता येतो. तोवर जुनी खोलून ठेवा."

शेठ गेले. यादोरावांनी पेच काढायला घेतला आणि परत ठेवला. मुरमुऱ्यांचा डबा त्या दिवशी रिकामा होता. सकाळपासून त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता. तसेच उठले, बटण दाबलं. पाठ करायचीही तसदी घेतली नाही, पडद्यावर काही उमटणार नाही हे ठाऊकच होतं. पंखा घुमू लागला. त्यांनी उघड्या पेटीत हात घातला आणि तापल्या कपाळावर ठेवावा तसा अंगठा त्या टिकलीवर ठेवला.

"चालली का मंग, माय?"

टूं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. यादोरावांनी अंगठा उचलला. बटण बंद करून पुन्हा चालू केलं. गप्प. अंगठा ठेवला, पुन्हा चालू. टूं!

"गुरुजी! भिंग!"

भिंगातून त्यांनी चिपचे पाय एकेक करून पाहिले. शेवटून दुसरा पाय. टाका वरून चकचकीत, पण पायाभोवती केसाएवढी फट. यादोराव खाली बसले आणि हसू लागले. आधी हळू, मग पोट धरून.

"समजलं का जी? हा पाय तिले सांगते, का आता तुई पाळी आहे, बोल. आता तुई नाही, गप राह्य. तो टाका सुटला! आता तिले पाळीच समजून नाही राहिली. बाकीचे बोलतेत, हे मधातच बोलते. मंग कोनालेच कोनाचं आयकू येत नाही, सारे बंद!" डोळ्यांतलं पाणी पुसत ते म्हणाले, "आपली पाळी नसतानी बोलते जी! अजून!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला. मला मागच्या दारात तांदूळ निवडणाऱ्या राधाबाई आठवल्या.

"टाका कच्चा राहिला होता," यादोराव म्हणाले. "मीच देल्ला. तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. डोये भरून होते, काय दिसनार? साऱ्या जिल्ह्याचे टाके तपासतो, आन हा एक नाही तपासला."

आता तोच टाका तापवून पक्का करायचा होता. हुकला तर सगळंच जाणार. माझ्याकडे काम आलं, चिमट्यानं त्या पायाचं बूड धरून ठेवायचं आणि वर ओला कापूस, म्हणजे चटका आत कमी जाईल. सोल्डरिंग आयर्न तापलं. यादोरावांनी चष्मा पुसला. ते वाकले.

"माय, चटका लागन. लावू का?"

आणि थांबले. मी मराठीचा शिक्षक, विज्ञानयुगावर भाषण ऐकून आलेला माणूस, पण शपथेवर सांगतो, मीही उत्तराची वाट पाहत थांबलो होतो. रस्त्यावरून एसटी गेली. यादोरावांनी मान हलवली आणि टोक टेकवलं. चर्र. एक बारीक धूर. झालं.

पाच मिनिटं गार होऊ दिलं. मग त्यांनी बटण दाबलं. टूं! नुसता टूं नाही, अंगठा न लावता टूं! त्या आनंदात ते पडद्यापुढे पाठ करून उभं राहायचं साफ विसरले, आणि मला पहिल्यांदा तो पडदा सुरुवातीपासून दिसला. काळ्यावर हिरवी अक्षरं उमटली. अक्षरं इंग्रजी, भाषा आमची.

यादो जेवला का रे

त्याखाली दोन अक्षरं. हो साठी एक, नाही साठी एक. आणि उत्तराची वाट पाहत लुकलुकणारी रेघ.

यादोरावांना माझी आठवण झाली तेव्हा उशीर झाला होता. पाठ करावी म्हणून वळले, मग खांदे पाडून तसेच राहिले.

"ती असतानीच केलं होतं जी," ते पडद्याकडे पाहत म्हणाले. "म्हटलं, माय, हे मशीन चालू झालं का पयले तुयंच बोलनं दिसन. काय लिवू, सांग. मले वाटलं, देवाचं नाव सांगन. तं हे सांगतलं. म्हने, तू त्याच्यापाशी बसला का खान्यापिन्याची सुद राहत नाही, तं त्यालेच पुसू दे." मग पडद्यावरची धूळ बोटानं पुसत म्हणाले, "आता दुसरं कोन पुसते, गुरुजी?"

माझं घर त्यांच्या घरापासून चौथं. मी रोज त्यांच्या शेजारी बसून त्यांचे मुरमुरे खात होतो, आणि आठ महिन्यांत एकदाही मी त्यांना हे विचारलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यादोरावांचं बोट 'हो'च्या कळीवर गेलं. आणि तिथंच थबकलं.

"दाबा ना," मी म्हणालो.

"दाबू कसं? सकायपासून पोटात दाना नाही. तिच्यासंग खोटं नाही बोललो कधी."

त्यांनी 'नाही'ची कळ दाबली. पडदा पुसला गेला आणि मधोमध दोनच शब्द आले.

आधी जेव

मग यंत्र थांबलं. पाढे नाहीत, वर्तुळ नाही. दुसरी कुठलीही कळ दाबा, ढिम्म. राधाबाईंनी तशीच सक्त ताकीद देऊन ठेवली होती.

मी यादोरावांचा हात धरला आणि तसाच ओढत घरी घेऊन गेलो. मालतीनं वरण-भात, वांग्याची भाजी केली होती. तिनं पान वाढलं. यादोराव लहान मुलासारखे खाली मान घालून जेवत होते आणि भात मागून घेत होते. तिसऱ्या भाताला मालतीनं विचारलं, "भाऊजी, उद्या काय करू?"

एवढ्यात हरीशशेठ घाम पुसत आमच्या दारात आले. चार वाजले होते. ते दुकानात जाऊन आले होते, उघड्या पेटीवर त्यांनी बरीच बटणं दाबून पाहिली होती.

"काय यादोराव! पाटी तं अजून अडकूनच आहे. पडद्यावर दोन शब्द आले आन पुढं काही हालतच नाही. द्या ते मले!"

यादोरावांनी तोंडातला घास सावकाश संपवला. ताटातलं शेवटचं शीत बोटानं टिपलं.

"अडकली नाही जी, शेठ," ते म्हणाले. "वाट पाहून राहिली."